बुद्धाच्या कपाळावरचं कुंकू

शालन, बुद्धाला कुंकू मी लावलं.

तू नव्हे, मी. कोपरच्या खाडीकाठची हिरा, वय तेव्हा अडतीस, दोन लेकरांची आई, पालिकेच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवणारी शहाणी बाई. कमरेची डबी काढली, अनामिका कुंकवात बुडवली आणि डोळे मिटून शांत बसलेल्या त्या मूर्तीच्या दोन भुवयांमध्ये चांगला रुपयाएवढा टिळा रेखला. त्यावर हळदीचं बोट. त्यावर दोन अक्षता. आणि मग मागं सरून, मान तिरकी करून बघितलंसुद्धा, गोल नीट आलाय की नाही.

ही गोष्ट गेल्या अठरा वर्षांत मी कुठं कुठं नाही सांगितली! स्टाफरूममध्ये सांगितली, डोहाळजेवणांत सांगितली, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईला सांगितली. हसवून हसवून लोकांना ठसका लावला. फक्त एका घरात सांगायची राहिली, आणि नेमकी तिथंच तिची गरज होती.

आज बुधवार. मागच्या मंगळवारी पहाटे तू गेलीस. शाळेत परवा तुझी शोकसभा झाली. मला म्हणाले, हिराबाई, तुम्ही जुन्या मैत्रीण, चार शब्द बोला. मी उभी राहिले. सगळ्यांचे चेहरे आधीच थोडे सैल झाले, आता ही बाई रडता रडता काहीतरी गमतीचं सांगणार म्हणून. मला ती एकच गमतीची गोष्ट आठवत होती. मी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि ते बघायला तू नव्हतीस. असतीस तर म्हणाली असतीस, "हिरे, सुधारलीस की!"

तुला त्या सहलीचं पहिलं भांडण आठवतं का? सहल ठरायच्याही आधीचं. आपण शहाडच्या शाळेत डबा खात होतो. तुझी बाजरीची भाकरी आणि ठेचा, माझी सुकटीची चटणी. तू म्हणालीस, "मी अजून समुद्र बघितला नाही गं." मी म्हटलं, "माझ्या घरी ये. मागच्या दाराला आहे."

"ती खाडी आहे."

"खाडी म्हणजे समुद्रच. भरती येते, ओहोटी येते, कोलंबी येते. आणखी काय पाहिजे?"

"लाटा," तू म्हणालीस. "खाडीला लाटा कुठंयत?"

"खाडी म्हणजे समुद्राचं मागचं दार आहे, बाई."

"मग मला पुढच्या दारानं बघायचाय."

नगरकडच्या कोरड्या गावातून आलेली तू. विहिरीत पोहरा सोडल्यावर तो खडकावर आपटल्याचा आवाज ऐकत मोठी झालेली. आणि मी कोळ्याची पोर, होडीत जन्मल्याच्या थाटात बोलणारी. खरं सांगू? माझा बाप खाडीत जाळं टाकायचा आणि मी काठावर बसून टोपल्या मोजायचे. कमरेवर पाणी आलं की मला घाम फुटायचा. हे मी तुला तेव्हाही सांगितलं नाही. कोळ्याच्या पोरीनं पाण्याला भ्यायचं म्हणजे भटाच्या पोरीनं श्लोक विसरायचा. सांगणार कुणाला?

तुमच्या मोहन्याच्या चाळीतल्या बायांनी टेम्पो ठरवला होता. सोपाऱ्याच्या पुढं, समुद्राला लागून सुरूच्या बनात बुद्धाचं एक लहानसं मंदिर आहे, तिथं सकाळी वंदना, मग कळंबच्या किनाऱ्यावर जेवण, उजेडात परत. सगळ्या तुमच्यातल्या बाया. मी एकटीच उपरी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच घुसले. "समुद्र बघायला जाताय आणि कोळणीला नेत नाही? बुडाल्यावर कोण काढणार?" असं म्हणून मी टेम्पोत चढले आणि सतरंजीवर मधोमध बसले. सगळ्याजणी हसल्या. तुझ्या सासूबाई हसल्या नाहीत.

गयाआत्या. साठीच्या, काटक, पांढरं नऊवारी, मांडीवर मेणबत्त्यांचा पुडा आणि फुलांची पिशवी. मी म्हटलं, "आत्या, कुठल्या देवळात चाललोय आपण?" त्या म्हणाल्या, "देऊळ न्हाई बाई. इहार." मी म्हटलं, "तेच ते." त्या म्हणाल्या, "तेच असतं तर यवढ्या लांब कशाला आलो असतो?" आणि तोंड फिरवून घोडबंदरच्या झाडीकडं बघत बसल्या. तू माझ्या मांडीला चिमटा काढलास. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण शहाणपण माझ्याकडं नेहमी परतीच्या गाडीनं येतं.

पोचलो. वाळूची पायवाट, सुरूच्या काड्यांचा सडा, आणि पलीकडून एक आवाज, धडाड्, मग लांबलचक सुस्कारा, पुन्हा धडाड्. तू थबकलीस. "हा काय आवाज?" मी म्हटलं, "पुढचं दार." तू माझा हात एवढा घट्ट धरलास की माझी एक बांगडी पिचली.

सगळ्या बाया विहिरीवर हातपाय धुवायला थांबल्या. मला कशाची घाई होती कोण जाणे. लहानपणापासून खोड, कुठल्याही दारात पहिलं पाऊल माझं. मी एकटीच आत गेले. गार फरशी, खिडकीतून खाऱ्या वाऱ्याची झुळूक आणि समोर मूर्ती. शालन, मी देवाशपथ सांगते, मी काही ठरवलं नव्हतं. आमच्या घरात नवं जाळं आलं तरी कुंकू, शिलाई यंत्र आलं तरी कुंकू, दारात रिक्षा उभी राहिली तरी तिच्या कपाळाला कुंकू. मूर्ती दिसली की माझा हात मला न विचारता जातो. गेला. टिळा लावून मी बाजूच्या खांबाशी हात जोडून उभी राहिले, अगदी समाधानानं. बघा म्हणावं, कोळीण असून किती भक्तिभाव!

बाया आल्या. एकेक करून गप्प झाल्या. मला वाटलं, भक्तीनं.

मग गयाआत्या पुढं आल्या. त्यांनी मूर्तीकडं बघितलं. "कुनी केलं ह्ये?" आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

तू माझ्याकडं बघितलंस. चेहऱ्याकडं नव्हे, माझ्या बोटाकडं. लालभडक बोट. आणि मी काय केलं? मी तो हात पदराखाली घेतला. एवढंच केलं मी. ह्या एवढ्याशा हालचालीबद्दल मी कुठल्याही पंगतीत, कुठल्याही स्टाफरूममध्ये कधी एक अक्षर बोलले नाही. गोष्ट सांगताना मी टिळ्यावर थांबायचे. हशा तिथंच यायचा ना.

"आत्या, माझ्याकडून झालं," तू म्हणालीस. "सवयीनं हात गेला."

अगं, तुला कसली सवय? तुझ्या माहेरी तुझ्या जन्माआधी देव नदीत सोडलेले. पण ते त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही. गयाआत्या तुझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आणि ते शब्द माझ्या कानातून अजून गेलेले नाहीत, "ज्या द्येवांनी आमाला पायरीवर हुबं केलं न्हाई, त्यांचं कुकू तू हितं आनलंस? टोपलीभर द्येव मी माझ्या हातानं पान्यात सोडलं, आन् माझ्याच सुनंनं डबीत लपवून ठिवलं?"

त्यांनी आपल्या पांढऱ्या पदरानं मूर्तीचं कपाळ पुसलं. कुंकू ओलं होतं, पसरलं. पुन्हा पुसलं. पदराचं टोक लाल झालं. मग वंदना झाली. तुमच्या सगळ्यांच्या ओठांवर ते पालीतले शब्द होते, मी नुसतेच ओठ हलवत होते. पाहुणीला कोण काय म्हणणार होतं, शालन? फार तर म्हणाले असते, "बाई, आमच्यात असं करत नाहीत." मी कानाला हात लावला असता, दोन बाया हसल्या असत्या, संपलं असतं. तू मला वाचवलंस ते ह्या एवढ्याशापासून. आणि त्यापायी तू जे ओढवून घेतलंस ते आयुष्यभर पुरलं.

पुढचं मला लिहायचंय. कारण त्या दिवसातलं एवढंच माझ्याकडं चांगलं उरलंय आणि तेही मी कधी कुणाला सांगितलं नाही.

कळंबच्या किनाऱ्यावर बाया डबे सोडत होत्या. गयाआत्या आपल्याकडं पाठ करून बसल्या होत्या. मला वाटलं, तू आता रडशील. तू सरळ पाण्याकडं चालत गेलीस. लाटा केवढ्या होत्या त्या दिवशी! खाडीचं पाणी बिचारं पाय पुसून घरात येतं, हे दार तोडूनच येत होतं. तिथल्या कोळ्यांच्या दोन पोरी मोडक्या होडीची एक फळी घेऊन खेळत होत्या. पाण्यात छातीपर्यंत जायचं, फळीवर पोट टेकून वाट बघायची, मागून लाट उठली की सुटायचं, आणि फेसावर बसून थेट वाळूपर्यंत. तू बघत उभी राहिलीस. मग पदर खोचलास.

"शालन, डोकं फिरलंय का?"

"माझं आज काय फिरायचं ते फिरून झालंय," तू म्हणालीस. आणि त्या पोरींना, "ए बायांनो, मला जमेल का गं?"

"जमंल की, मावशी. फक्त घाबराचा नाय. आन् तोंड मिटून घ्या."

तू नाही मिटलंस. तुझी किंकाळी मी किनाऱ्यावरून ऐकली. हिरवी साडी, सुटलेला अंबाडा, पोटाखाली फळी, मागं पांढरा डोंगर, आणि तू त्या डोंगराच्या पुढं पुढं सुसाट येतेयस. वाळूवर येऊन आपटलीस. मी धावले. तुझ्या तोंडात वाळू, नाकात पाणी, कोपर सोलवटलेलं, आणि तू हसत होतीस. असं हसणं मी तुझ्या तोंडावर ना आधी बघितलं ना नंतर. चाळीतली, शाळेतली, घरातली तू हसताना पदर तोंडाला लावायचीस. त्या दिवशी पदर कुठं होता ते तुला ठाऊक नव्हतं.

"हिरे, अगं, उचलतं गं! उचलतं ते आपल्याला!"

तू आणखी तीनदा गेलीस. चौथ्यांदा म्हणालीस, "आता तू. तू तर कोळीण." आता मागं कसं सरायचं? गेले. कमरेला पाणी लागलं तशी मी फळी दोन्ही हातांनी आवळली. लाट आली तेव्हा मी फळी सोडली, देवाचं नाव घेतलं आणि उलटीपालटी झाले. आकाश खाली, वाळू वर. कमरेची डबी सुटली, झाकण उघडलं, आणि माझ्याभोवतीचं पाणी क्षणभर लाल झालेलं मी बघितलं. मला वाटलं, रक्त. मला वाटलं, मेले. तेवढ्यात कुणीतरी माझा अंबाडा धरून ओढलं. तू! जिनं तासाभरापूर्वी समुद्र पहिल्यांदा बघितला, तिनं कोळ्याच्या पोरीला केसांना धरून बाहेर काढलं.

दोघी ओल्या वाळूवर पडून धापा टाकत होतो. तू विचारलंस, "तुला पाण्याची भीती वाटते?"

"गप बस."

"अगं, पण मग तू..."

"कुणाला सांगशील तर बघ."

"नाही सांगत," तू म्हणालीस. आणि नाहीच सांगितलंस. मरेपर्यंत नाही. मग जरा थांबून, आभाळाकडं बघत, "हिरे, आत्यांना तू सांगशील ना? आत्ता नको. त्या आत्ता रागात आहेत. पण सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मैत्रिणीवर ढकलते. तुझ्याच तोंडून हवं."

"सांगते गं. घरी पोचलं की सांगते."

घरी पोचल्यावर अंधारून आलं होतं, माझं अंग दुखत होतं, मी परस्पर कोपरला गेले. पुढच्या आठवड्यात, म्हटलं. मग परीक्षा. मग दिवाळी. आणि तोवर मला ती गोष्ट रंगवून सांगायची कला साधली होती.

स्टाफरूममधला तो दिवस मला विसरता येत नाही. मी खुर्चीवर उभी राहून टिळा कसा लावला ते करून दाखवत होते. सगळे हसत होते. आपल्या गणिताच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे हिराबाईंनी बुद्धालाही सवाष्ण करून सोडलं!" केवढा हशा! तू डब्याचं झाकण लावलंस. भाकरी अर्धीच खाल्लेली.

बाहेर नळावर तू मला गाठलंस. "ही गोष्ट सांगायची बंद कर."

"अगं, मी तर माझ्यावरच हसते! माझीच फजिती सांगते ना?"

"तू हसतेस तुझ्यावर. त्या कुणावर हसल्या?"

 मी चिडले. "तुला विनोदच कळत नाही, शालन."

"असेल," तू म्हणालीस. "पण जी गोष्ट तू शंभर जणांना सांगतेस ती आमच्या घरी येऊन एकदा सांगायला तुला काय होतं?"

हे आपलं भांडण तसंच राहिलं. मी गोष्ट सांगणं थांबवलं नाही, तू नसताना सांगायला लागले. तू पुन्हा विषय काढला नाहीस. भांडण मिटलं असं मी समजले. गणितातली नसले तरी मला एवढं कळायला हवं होतं की विचारणं थांबलं म्हणजे मागणी संपली असं नव्हे.

एकदा बुद्धपौर्णिमेला तुझ्या घरी आले होते. तू खीर केली होतीस. संध्याकाळी तसबिरीपुढं मेणबत्ती लावायची वेळ झाली. तू हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन पुढं आलीस, तोच गयाआत्यांनी काडेपेटी तुझ्या सुजाताच्या हातात दिली. पाच-सहा वर्षांची पोर. "तू लाव गं. तुज्या आईच्या हातानं नगं." तू एक पाऊल मागं सरलीस, हात जोडलेस. चेहऱ्यावर काही नाही. सरावाचं होतं ते. म्हणजे सहलीपासून दर पौर्णिमेला हेच चाललेलं.

मी तिथं होते, शालन. तीन हातांवर. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. मी तोंड उघडलं, पण खिरीसाठी. दोन वाट्या खाल्ल्या. वर म्हटलं, "वेलची छान पडलीय."

मी तुझ्याकडं किती मागितलं, आणि तू किती दिलंस. माझे हे दवाखान्यात होते तेव्हा तू चाळीस दिवस माझा वर्ग सांभाळलास. दोन वर्गांच्या मधल्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचीस, डाव्या दारातून तुझी तिसरी, उजव्या दारातून माझी चौथी. शिपाई म्हणायचा, बाईंना चार डोळे आहेत. परत आले तर माझ्या पोरांच्या वह्यांवर माझ्यासारख्या तिरक्या अक्षरात शेरे लिहिलेले, मी रजेवर आहे हे वरच्यांना कळू नये म्हणून. माझ्या चुका स्वतःच्या हातानं निस्तरायची तुला तोवर सवयच झाली होती. ही सवय मात्र खरी.

मग तुझी टिटवाळ्याला बदली झाली. भेटी कमी झाल्या. आधी महिन्याला, मग सणाला, मग कुणाच्या तरी लग्नात. तुझं दुखणं मला सुजाताकडून कळलं. मी दोनदा आले. दोन्ही वेळा गयाआत्या दारातच बसलेल्या, आणि मी त्यांना वाकून, "बऱ्या आहात ना?" विचारून थेट तुझ्या खाटेपाशी. दुसऱ्या वेळी तू माझ्या हाताकडं बघत होतीस. माझ्या बोटाकडं. मी म्हटलं, "काय बघतेस?" तू म्हणालीस, "काही नाही. किती सुरकुतलं गं." आपण दोघी हसलो. मला वाटतं तू मला दार उघडून देत होतीस. मी ते हलकेच लोटून घेतलं.

मला शेवटी कुणी ढकललं, सांगू? माझ्या नातीनं. आठ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात म्हणाली, "आजी, ती कुंकवाची गोष्ट सांग." सांगितली. नेहमीसारखी, मान तिरकी करून वगैरे. ती हसली. मग विचारलं, "मग ओरडा कुणी खाल्ला?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

"असं कसं? एवढं केलं आणि कुणालाच ओरडले नाहीत?"

त्या शेंबड्या पोरीनं अठरा वर्षांत पहिल्यांदा माझी गोष्ट पुढं ढकलली. त्या रात्री मी ठरवलं, जायचं. गयाआत्यांपुढं बसायचं, पदराखालून हात बाहेर काढायचा. आणि तुझ्या खाटेपाशीच, तुला ऐकू येईल असं बोलायचं. ठरवलं आणि तीन आठवडे घालवले. एकदा गुडघा, एकदा पाहुणे. शेवटी रजा काढून सोमवार नक्की केला. सोमवारी सकाळी साडी नेसून तयार झाले आणि सून म्हणाली, "आई, आज गॅसचा सिलिंडर येणार आहे, मी कामावर चाललेय, तुम्ही घरी थांबाल का?" मी थांबले. मनात म्हटलं सुद्धा, बरं झालं. हे मी कुणाला सांगितलं नसतं, पण आता तुझ्यापुढं काय लपवू? बरं झालं, असं वाटलं मला. दिवसभर साडी नेसून बसून राहिले. सिलिंडर आला नाही.

मंगळवारी आला. तू गेल्याचा निरोप आणि सिलिंडरवाला, दोघे एकाच जिन्यात.

त्या दिवशी मोहन्याला आले तेव्हा माणसं होती, गर्दी होती, भंतेजी होते. तुला पांढऱ्या साडीत गुंडाळलं होतं. मला तुझ्या कपाळाकडं बघवेना. ह्या रविवारी मी पुन्हा गेले. दुपार होती, घर रिकामं. सुजाता आत भांडी घासत होती. तसबिरीशेजारी तुझा फोटो आला होता, शाळेच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. त्यात तू हसत नाहीस. कळंबच्या वाळूवरचं ते हसणं कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त माझ्याकडं आहे, आणि माझं म्हातारीचं डोकं किती दिवस पुरणार?

गयाआत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता एवढ्याशा झाल्यात त्या. फोटोपुढची मेणबत्ती विझली होती, त्या काडेपेटी चाचपत होत्या. मी काडी ओढली नाही, हात लावला नाही. समोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं. डबी, टिळा, अक्षता. माझं लाल बोट. पदराखाली घेतलेला हात. "शालननं नव्हतं लावलं, आत्या. मी लावलं होतं. तिनं माझ्यासाठी अंगावर घेतलं." मी त्यांना हसवायचा प्रयत्न केला नाही. बहुतेक पहिल्यांदाच मी ही गोष्ट धड सांगितली.

 आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. गयाआत्यांनी आपला पदर हातात घेतला, त्याचं टोक बोटांनी चुरगाळत राहिल्या, जणू तिथं अजून काही पुसायचं राहिलंय. मग तुझ्या फोटोकडं बघितलं. माझ्याकडं बघितलंच नाही. मला वाटलं, शिव्या देतील. मला त्या हव्या होत्या, शालन, मी त्यासाठीच गेले होते. त्यांनी शिवी दिली नाही. एवढंच म्हणाल्या:

"बाई, सोमवारी सांगितलं असतंस तरी चाललं असतं. सोमवारी ती व्हती."